वहीतून निसटलेला महिना

पर्यावरण संवर्धनाचं पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणतेय, असं मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा नुकतेच बंदरावरून आले होते. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "संवर्धन म्हंजे काय करतात?" जे आहे ते टिकवायचं, मी म्हटलं. "आनि त्याला कालेज लागतं?" मला राग आला. राग मला आजही पटकन येतो, तेव्हा तर तो नाकावरच असायचा. मी आत जाऊन भांडी आपटली.

ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. बाबा उरणच्या बाजूला बंदरावर कामगार होते आणि आई चिखलात जायची. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, अशा चौघी जणी, सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की खाडीच्या चिखलात उतरायच्या. शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, वेचायच्या, बिळात हात घालून निवट्या मासे काढायच्या, एखादी चिंबोरी सापडली तर तिच्या नांग्या बांधून पाटीत टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा माल पनवेलच्या बाजारात. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जायचे आणि अर्ध्या तासात कंबर धरून काठावर येऊन बसायचे. त्या चौघी तीन-तीन तास वाकलेल्या असायच्या आणि वर गप्पाही मारायच्या.

मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. पहिल्याच वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या एका जिवाच्या नोंदी ठेवायच्या. कोणी चिमण्या घेतल्या, कोणी फुलपाखरं. खारघरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या एकीने गॅलरीत येणारं कबूतर घेतलं. मी शिवल्या घेतल्या, आणि त्यामागे निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. शिवल्यांसाठी मला घराबाहेर पडावं लागणार नव्हतं. संध्याकाळी आईला विचारायचं आणि वहीत उतरवायचं: किती मिळाल्या, केवढ्या होत्या, खाडीच्या कुठल्या अंगाला.

आई तारीख कधी सांगायची नाही, तिथी सांगायची. "वद्य पंचमी. अर्धी पाटी. बारीक जास्त." चिखलात जाणाऱ्या बाईला तारखेचा उपयोग नसतो. पाणी चंद्राच्या मागून चालतं, म्हणून तिथी कळली की पाण्याची वेळ कळते. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि पूर्ण सुकती बाराच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आई हे गणित चपला घालता घालता करायची. मला कागद लागायचा.

पहिल्या वर्षी मी हौसेने प्रत्येक तिथीशेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख लिहिली. दुसऱ्या वर्षी तो खटाटोप कोण करणार म्हणून आई बोलेल ती तिथी तेवढी लिहीत गेले. मधे मधे परीक्षा आल्या की वही बंद, परीक्षा संपली की पुन्हा चालू. या आळसाची किंमत किती मोठी असेल याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दक्षिणेतल्या एका संस्थेत संवर्धनाचा दोन वर्षांचा एम.एस्सी.चा कोर्स होता आणि एक ट्रस्ट त्यासाठी शिष्यवृत्ती देत असे. फी, हॉस्टेल, संशोधनाचा खर्च, सगळं. फी किती आहे ते मॅडमनी सांगितलं. तो आकडा मी घरी कधीच उच्चारला नाही. बाबांच्या पगारात ते बसण्यातलं नव्हतं, आणि आमचं घर गावठाणातलं, त्याचे कागद बँकेने बघावेत असे नव्हते. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर नाही. इतकं ते सरळ होतं. नाही मिळाली तर काय, याचं उत्तर बाबांकडे तयार होतं. त्यांच्या ओळखीने कंटेनर यार्डातल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायची नोकरी होती, आणि "परीक्षा झाली की पोरीला लावतो" असा शब्द त्यांनी तिथे देऊनही टाकला होता.

अर्जात स्वतः केलेलं एखादं निरीक्षण लिहायचं होतं. मी जुनी वही काढली. दुसऱ्या वर्षाच्या नोंदींना तारखा नव्हत्या आणि त्या सालचं कॅलेंडर आईने केव्हाच मसाल्याच्या डब्यांखाली अंथरून संपवलं होतं. मला फक्त गुढीपाडव्याची तारीख पक्की आठवत होती, कारण त्या दिवशी मला पहिला मोबाइल मिळाला होता. तिथून पुढे मी एक एक अमावास्या धरत बोटांवर मोजत गेले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. एका दुपारी सगळ्या तारखा घालून झाल्या. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

आणि मग त्या कोष्टकात मला ते दिसलं. पावसाळा सरता सरता चिखलात नवी शिवली दिसू लागते, अगदी बारीक, नखाएवढी. पहिल्या वर्षी ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिसली होती. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तब्बल एक महिना आधी. मी ते मॅडमना दाखवलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. हवामान बदलतंय, समुद्र तापतोय, हे सगळे म्हणतात, पण आपल्या पनवेलच्या खाडीत असं कोणी दाखवलंय? त्यांनी मला अर्जाची सुरुवातच त्या वाक्याने करायला लावली. संवर्धन म्हटलं की लोकांना वाघ दिसतो, मॅडमनाही कर्नाळ्याच्या पक्ष्यांपलीकडे फारसं काही दिसत नसे, आणि इथे माझ्या आईच्या शिवल्या थेट पृथ्वीच्या तापमानाला जाऊन भिडल्या होत्या. महिन्याभरात मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत खारघरला होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर उभी राहून बोलायचा सराव करत होते. आई समोर विळीवर शिवल्या फोडत बसली होती. तिलाही कळू दे आपण केवढा शोध लावलाय, म्हणून मी तिला साध्या भाषेत सांगितलं की आई, बारीक शिवली आता एक महिना आधी यायला लागलीये.

"कोन बोल्ला?"

"तूच सांगितलंयस. वहीत आहे."

"मी नाय असं बोल्ले. बारीक शिवली दसऱ्याच्या आगंमागं. त्या साली पन तवाच आयली."

मी वही आणली आणि तिला महिने वाचून दाखवले. अमुक तिथी, म्हणजे अमुक तारीख. ती हात थांबवून ऐकत होती. वैशाख संपवून मी ज्येष्ठावर आले तेव्हा म्हणाली, "दुसरा वैशाख कुटं गेला?"

"कुठला दुसरा?"

"त्या साली धोंडा व्हता ना गो. दोन वैशाख. जावयाला जेवाला बोलावला, तू परीक्षा परीक्षा करून त्याच्या पानावर वाढाला पन उठली नाय. तुज्या बहिनीनं आजून त्ये मनात ठेवलंय."

अधिक महिना. दर दोन-तीन वर्षांनी येतो, धोंड्याचा महिना म्हणून सगळं गाव जावयांना जेवू घालतं, आणि मी तो अख्खा विसरले होते. त्याच महिन्यात माझी परीक्षा होती आणि वही बंद होती, म्हणून वहीतही तो कुठे दिसत नव्हता. मधला एक महिना मी मोजलाच नव्हता, त्यामुळे त्यापुढची माझी प्रत्येक तारीख एक महिना आधीची पडली होती. शिवली तिच्या नेहमीच्याच वेळेला आली होती.

मी आधी आईवर चिडले. तिला काही आठवत नाही, ती उगाच घोळ घालतेय, असं बरंच बोलले. मग चप्पल घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. तो दुकानदार जुनी कॅलेंडरं रद्दीत देत नसे, कारण त्यांवर त्याची लिखापढी असे. गठ्ठ्यातून त्याने ते साल काढून दिलं. पान उलटलं आणि ठळक अक्षरांत दिसलं: अधिक वैशाख. दुकानदाराने विचारलं, कोणाची पत्रिका बघतेयस का. मी हो म्हटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी फार विचार केला नाही. "गप रहा आनि जाऊन ये. कोन बगाला येतंय? त्या खारघरच्या लोकांना तुजा धोंडा म्हाईत तरी हाय काय?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. कोणालाही कळलं नसतं. ज्या वाक्यावर मला मुलाखतीला बोलावलं होतं ते वाक्य मी स्वतःच खोडलं तर माझ्याकडे उरत काय होतं? दुसऱ्या उमेदवारांकडे जंगलं होती, कासवं होती, इंग्रजी होतं. मी गप्प राहायचं ठरवून जेवायला बसले.

जेवणं झाली. ताटं उचलताना आई म्हणाली, "तू जा बाय तुज्या शाळंला. पन त्ये माज्या नावावर नको घालू."

"तुझं नाव कुठेय त्यात?"

"लिवलंयस ना, गावातल्या बायांनी सांगितलं म्हनून? उद्या कोन शानी मानसा येतील, चिखल बगतील आनि बोलतील, या बायांना महिना पन समजत नाय. तीस वर्सं मी जातंय चिखलात. मना एक येल पानी चुकलं नाय."

मला तिचा इतका राग आला की मी तोंड फिरवून झोपले. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा तो राग होता.

सकाळी मी आणि बाबा खारघरला गेलो. बाबांनी रजा टाकली होती. एका कॉलेजच्या लांबलचक हॉलमध्ये तिघं जण बसले होते. मधे अध्यक्ष म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई, एका बाजूला टाय लावलेले एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सदरा घातलेले वयस्कर प्राध्यापक. माझ्या अर्जाचं पहिलं पान प्राध्यापकांच्या हातात होतं आणि माझ्या त्या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

"हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे," ते म्हणाले. "एक महिन्याचा फरक. याबद्दल आधी सांगा."

माझ्याकडे पाठ केलेली चार वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सर, ते चुकलंय."

मी अधिक महिन्याबद्दल सांगितलं, परीक्षेबद्दल सांगितलं, बोटांवर मोजल्याचं सांगितलं. जावयाच्या जेवणाचंही सांगून बसले, ते सांगायची काही गरज नव्हती. टायवाले गृहस्थ हसले. वाईट नाही हसले, पण हसले. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमच्या अर्जातला मुख्य मुद्दाच गेला."

"हो."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. आईने सांगितलं."

"मग आता तुमच्याकडे काय आहे?"

मला वाटतं त्या क्षणी माझा तो नाकावरचा राग कामी आला. मी म्हटलं, "दोन वर्षं नवी शिवली एकाच सुमाराला आली, हे आहे. काही बदललं नाही हे कळायलासुद्धा कोणीतरी मोजायला लागतंच ना." एवढं बोलून मला स्वतःचीच भीती वाटली. प्राध्यापकांनी मात्र मान वर केली आणि तिथीवरून पाण्याची वेळ कशी काढता ते विचारलं. मी पाऊणपट सांगितली. त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात दोन-तीन तिथ्या करून बघितल्या आणि भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिल्या. मग "कळवू" म्हणाले.

बाहेर बाबा जिन्यात उभे होते. माझं तोंड बघून ते थेट वडापावच्या गाडीकडे निघाले. आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली नव्हती. छापील मजकुराखाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या: पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा, सलग एका वर्षाच्या नोंदी तिथी आणि तारीख अशा दोन्ही प्रकारे ठेवाव्यात, आणि दर वेळी चिखलाचं ठरावीक क्षेत्र मोजावं. मी ते पत्र चुरगाळून फेकलं. खरं बोलल्यावर देव पावतो, असं काहीतरी मी आतल्या आत धरून चालले होते हे मला तेव्हा कळलं. मी खूप रडले. मॅडम फोनवर हळहळल्या. मॅडमचा सूर असा होता की हे सगळं त्यांना आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

चुरगाळलेलं पत्र आईने उचलून मांडीवर सरळ केलं. "काय लिवलंय हातानं?" मी वाचून दाखवलं. तिने ते दोनदा ऐकलं.

"म्हंजे मोजून आना बोलतात."

"हो. पण मी आता कामाला लागणार. सुकतीच्या वेळी मी यार्डात असणार. कोण मोजणार?"

"चिखलात कोन जातं, तू?"

पहिल्या तारखेपासून मी कंटेनर यार्डात जायला लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, कॉम्प्युटरवर कंटेनरचे नंबर. त्याच आठवड्यात बाबांनी प्लास्टिकच्या जुन्या पाइपची एक चौकट करून दिली, हातभर लांब, हातभर रुंद. मी आईला आणि तिच्या मैत्रिणींना समजावलं की ही चिखलावर ठेवायची, आतल्या सगळ्या शिवल्या काढायच्या, मोठ्या-मधल्या-बारीक अशा मोजायच्या आणि परत तिथेच सोडायच्या. ठरलेल्या तिथींना, दिवसाला पाच चौकटी.

"काढाच्या आनि परत टाकाच्या?" आई म्हणाली. "येड लागलंय तुना?"

पण त्यांनी केलं. आधी पाच चौकटी, मग स्वतःची वेचणी. लिहिता कोणालाच येत नव्हतं, तेव्हा आईने तिची युक्ती काढली. कमरेला जाळ्याच्या दोऱ्याचे तुकडे बांधून न्यायची. मोठी शिवली मिळाली की दुहेरी गाठ, मधलीला साधी, बारीक असेल तर सुटी, सैल गाठ. एका चौकटीला एक दोरा. संध्याकाळी मी यार्डातून आले की पाच दोरे खुंटीला लटकत असायचे. मी बोटांनी गाठी चाचपत आकडे लिहायचे. आता शेजारी तारीखही लिहायचे, कधीही न चुकता. त्या वर्षी पुन्हा अधिक महिना आला, भाद्रपदाचा, आणि तो लागायच्या आठवडाभर आधीपासून आई रोज मला विचारत होती, "लिवलंस काय?" तिला ते सुख मिळायलाच हवं होतं, म्हणून मी दात-ओठ खाऊन ऐकून घेतलं.

मला वाटलं होतं दोन महिन्यांत कंटाळतील. पण आईच्या एका मैत्रिणीने चौथ्या महिन्यात मला वाटेत गाठलं आणि सांगितलं की खाडीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे भराव टाकलाय, तिथे चौकटीत काहीच मिळत नाही आणि अलीकडच्या अंगाला तिवरांच्या झाडांच्या मुळाशी भरपूर मिळतं, तर तिथलं वेगळं लिहितेस ना? मी लिहीत नव्हते. ते मला सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून दोन वेगळे रकाने झाले. यार्डात दिवसभर मी त्याच विचारात असायचे आणि कंटेनरचे नंबर चुकवायचे.

वर्ष भरल्यावर मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा खारघर, तोच हॉल, तेच तिघं. या वेळी मी वही, कोष्टकं आणि एका पिशवीत सगळे दोरे नेले होते. प्राध्यापकांनी एक दोरा हातात घेऊन गाठी मोजल्या, वहीतला आकडा पाहिला, मग दुसरा घेतला. असे पाच-सहा घेतले. एकही चुकला नाही. टायवाल्या गृहस्थांनी विचारलं, भराव आणि तिवरं यांतला फरक कसा सुचला. मी सांगितलं की मला नाही सुचला, आईच्या मैत्रिणीला सुचला.

अध्यक्ष बाई तोवर माझ्या अर्जातलं खर्चाचं पान बघत होत्या. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. "क्षेत्र-सहायक. इथे तुम्ही 'लागू नाही' लिहिलंय."

"हो मॅडम. मी कोणाला ठेवलं नाही."

"मग हे वर्षभर कोणी मोजलं?"

"माझी आई. आणि तिघी जणी."

"त्यांना काय देता?"

मी म्हटलं, काही नाही, घरचंच काम आहे. बाईंनी अर्ज माझ्याकडे वळवला आणि पेन पुढे केलं. "तुम्ही तिकडे दोन वर्षं शिकणार. तेव्हा इथे कोण मोजणार आहे? आणि आत्तापर्यंत तुमच्या संशोधनाला पैसे कोणी दिले? ट्रस्टने तर दिले नाहीत. चार बायकांनी आपल्या वेचणीतला वेळ दिला. तो खर्च आहे. तो लिहा."

इतकी वर्षं संवर्धनाच्या गप्पा मारणाऱ्या मला हे कळलं नव्हतं. मी 'लागू नाही' खोडलं आणि त्या रकान्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं, खाली तिघींची. पुढे शिक्षणाचा रकाना होता. तिथे काय लिहू म्हणून मी थांबले, तर प्राध्यापक म्हणाले, "अनुभव लिहा. एकतीस वर्षं असेल ना आता?" मागच्या वर्षी बोलण्याच्या ओघात आलेला आकडा त्यांनी लक्षात ठेवला होता.

या वेळचं पत्र जाड होतं. त्यात माझी फी आणि हॉस्टेल होतं, आणि शेवटच्या पानावर खाडीतल्या नोंदींसाठी चार जणींचं मानधन होतं, दोन वर्षांचं. मी ते आईला वाचून दाखवलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "मोजाचे पैसे? परत टाकाचे पैसे?" तिने मला शपथ घ्यायला लावली. मग दारात जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, "माज्या बायनं मना कामाला लावलंन." मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि मी ठेवलं.

मी निघाले तो दिवस जुलैतला होता. पनवेलहून दहाच्या सुमाराची गाडी. आई स्टेशनवर येणार, डबा देणार, रडणार, हे मी गृहीत धरलं होतं. सकाळी उठून बघते तर ती लुगडं खोचून तयार.

"आज नको जाऊस," मी म्हटलं.

"आज तृतीया. आठला सुकती. मोजाचा दिस हाय."

"मी जातेय आई. दोन वर्षांसाठी."

"म्हनून तर," ती म्हणाली. माझ्या हातात डबा दिला, गालावरून ओला हात फिरवला आणि तिघींच्या मागून निघून गेली. मी इतकी चिडले की बॅगेची चेन ओढताना तुटली. बाबांनी ती सुतळीने बांधली.

रिक्षा खाडीच्या पुलावर आली तेव्हा रिमझिम चालू होती. खाली चिखल पसरलेला, आणि तिवरांच्या कडेला चार बायका वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. लांबून आई कुठली ते मला ओळखता येईना. मग एक जण सरळ उभी राहिली, कमरेशी हात नेऊन दोऱ्याला गाठ मारली, चौकट उचलली आणि चार पावलं पुढे ठेवली. तिने पुलाकडे पाहिलं नाही. रिक्षावाल्याने आरशातून माझे डोळे पाहिले आणि बाबांना विचारलं, "पोरगी चालली लांब? आई नाय आली सोडाला?"

बाबा बाहेरच बघत होते. "ती कामावर हाय," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी तोवर फक्त स्वतःसाठी वापरला होता.